थोरल्याच्या नावाची नोकरी

वाचकहो, पुढे जी हकीकत मी मांडणार आहे ती सन दोन हजार पाच साली, पावसाळा सरता सरता, मालवणच्या उत्तरेस असलेल्या सर्जेकोट बंदरात घडली. ज्या गृहस्थांच्या बाबतीत ती घडली त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. हकिकतीत मी पदरचे एक अक्षरही घातलेले नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्यांचा कार्यकारणभाव मात्र कृपा करून मला विचारू नये. तो मला सापडलेला नाही. एवढे निवेदन करून मूळ विषयाकडे वळतो.

त्या साली मे महिन्याच्या अखेरीस बंदरावरचा बर्फाचा कारखाना बंद पडला. कारखाना मच्छीमारांच्या एका छोट्या संस्थेचा होता. बाहेरून ट्रकने येणारा बर्फ स्वस्त पडू लागला, तेव्हा जुने यंत्र चालवणे संस्थेला परवडेना. शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी यंत्रचालकाला शाल व श्रीफळ दिले, फोटो काढला आणि दाराला कुलूप घातले. तो यंत्रचालक म्हणजे बाबली खवणेकर. चौतीस वर्षे त्याने त्या यंत्रापाशी काढली होती. दर तासाला दाबाचा काटा पाहावा, मिठाच्या पाण्याच्या टाकीचे तापमान पाहावे, दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि पुढे सही करावी, हा त्याचा नेम. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की तो उठून जाई. त्याला विश्वास काट्याचा. काटा जे दाखवील ते खरे, असे तो म्हणे.

कारखाना सुटल्यावर बाबलीने काम शोधण्यास आरंभ केला. यामागे लोभ नव्हता. त्याचा मुलगा प्रितम नालासोपाऱ्यास राहत होता, आणि त्याने फोनवर स्पष्ट सांगितले होते, "बाबा, दिवाळीपर्यंत काम मिळाला तर बरा. नायतर घर बंद करा आणि आईक घेवन हंय येवा. माझ्याच्यान दोन घरां चलाची नाय." प्रितमचे बोलणे वाजवी होते. परंतु बाबली त्याच्या खोलीत एकदा आठ दिवस राहून आला होता. रात्री सगळी माणसे आडवी झाली की त्याला दाराच्या आत, चपलांच्या शेजारी जागा मिळे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. नवव्या दिवशी तो समुद्राकडे तोंड करून आपल्या अंगणात, म्हणजे आमच्याकडच्या शब्दात खळ्यात, बसला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. आपले मरण ह्याच घरात यावे, एवढीच त्याची इच्छा होती. आणि त्यासाठी दिवाळीच्या आत काम मिळणे आवश्यक होते.

काम मिळेना. मालवणात एका लॉजच्या मालकाने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "काकानू, ह्या वयात आमी तुमका काम देवचा की बसाक खुर्ची?" काजूच्या कारखान्यातला मुकादम त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "कागद दाखव. सहासष्ट? मेल्या, माझो बापूस चौसष्टाक गेलो."

"खरा वय त्रेसष्ट आसा," बाबली म्हणाला.

"आणि कागद सहासष्ट सांगता. मगे कागद खोटो की तू खोटो?"

ह्या प्रश्नाचे उत्तर बाबलीने दिले नाही. ते लांबलचक होते, आणि काम मागायला आलेल्या माणसाला लांबलचक बोलणे शोभत नाही. वाचकांस मात्र ते सांगणे अवश्य आहे.

बाबलीला गंगाराम नावाचा थोरला भाऊ होता. तीन वर्षांनी मोठा. सन शेहेचाळीसच्या जून महिन्यात बापाने, म्हणजे धोंडू खवणेकराने, त्याला गावच्या शाळेत घातले, आणि त्याच श्रावणात तो तापाने गेला. जेमतेम चाळीस दिवस शाळेत गेलेले पोर. गुरुजींनी पटावरून नाव कमी करण्यासाठी धोंडूला बोलावले, तेव्हा तो गुरुजींच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "नाव तसाच ऱ्हवांदे गुरुजी. ता तरी ऱ्हवांदे." गुरुजी भल्या मनाचे होते. नाव राहिले. दोन वर्षांनी बाबलीचे वय झाले तेव्हा धोंडूने त्याला शाळेत नेले आणि त्याच नावावर बसवले. कागदावर गंगाराम पहिलीत दोन वर्षे नापास झाला, एवढाच काय तो फरक. बाबलीचे पाळण्यातले नाव परशुराम होते. ते कोणत्याही कागदावर कधी चढले नाही. घरी तो बाबली राहिला, आणि कागदावर गंगाराम धोंडू खवणेकर. गंगाराम सातवी पास झाला, गंगाराम कारखान्यात लागला, गंगारामाला वेतनवाढ मिळाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तही गंगारामच झाला, तेव्हा बाबलीला पंचावन्नही पुरी नव्हती. पुढे संस्थेने त्याला वर्षा-वर्षाच्या कराराने ठेवून घेतले, म्हणून इतके दिवस निभावले.

गणपती विसर्जनाच्या सुमारास बंदरावर पुण्याहून निकेत नावाचा एक तरुण इंजिनियर आला. खाडीच्या मुखाशी लाटा अडवणारा बंधारा बांधता येईल का, ह्याची पाहणी त्याची कंपनी करीत होती. त्याने धक्क्याच्या पायऱ्यांजवळ पाण्यात एक उंच पट्टी उभी केली. तिच्यावर मीटर आणि सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर अर्ध्या तासाने पाणी पट्टीवर किती आहे ते वाचून वहीत लिहायचे आणि पुढे सही करायची, यासाठी त्याला माणूस हवा होता. तरुण मुले दोन दिवस बसत आणि तिसऱ्या दिवशी होडीवर जात.

"वय किती, काका?" निकेतने विचारले.

"कागदावर सहासष्ट."

"ते राहू द्या. इथून ती पट्टी वाचता येते?"

धक्क्याच्या टोकाशी ते उभे होते. बाबलीने डोळे बारीक केले. लाट वर आली, खाली गेली, आणि त्या दोहोंच्या मधला आकडा त्याने सांगितला. "एक मीटर सदुसष्ट."

निकेतने दुर्बिणीतून पाहिले आणि हसला. "उद्यापासून या. एकच अट. एकही नोंद चुकता कामा नये. दिवस बुडला की पुढची-मागची सगळी मेहनत वाया जाते, मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. दोन महिने नीट झालं तर मेपर्यंत काम आहे."

बाबली घरी आला तेव्हा त्याची बायको विमला खळ्यात सुंगटे, म्हणजे कोळंबी, वाळत घालीत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळे कावळे हाकलण्यापेक्षा ती दगडच अधिक फेकी. "काम मिळाला गो," तो म्हणाला. "वहीत आकडे लिवचे."

"ह्या वयात शाळेत घातल्यानी काय तुमका?" ती म्हणाली. परंतु तिने हात धुतले, आणि देवापुढे साखर ठेवली.

पहिले चार दिवस उत्तम गेले. धक्क्यावर निळ्या ताडपत्रीची एक सावली केली होती. तिच्याखाली लाकडी खोके उलटे घालून बाबली बसे. वही पत्र्याच्या पेटीत असे, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बाबलीच्या कमरेच्या दोऱ्याला. भरती चढे, सुकती लागे, आणि बाबली दर अर्ध्या तासाने तिचा हिशेब लिही. कारखान्याचे आणि ह्या कामाचे अंतर त्याला फारसे वाटेना.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला दहा मिनिटे असताना त्याने पेटी उघडली. वहीत सहाची नोंद झालेली होती. शून्य दशांश चौऱ्याण्णव. पुढे सही.

बाबलीने चष्मा पुसला. अजून सहा वाजायचे होते. तो खोक्यावर बसला आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिला. बरोबर सहाला त्याने पट्टी वाचली. शून्य दशांश चौऱ्याण्णव.

काल संध्याकाळी आपण चुकून पुढची ओळ भरली असावी, असा विचार त्याने केला. आकडा जुळणे हा योगायोग. माणूस चौतीस वर्षे आकडे लिहितो, तेव्हा हात कधी कधी आपल्या मनाने चालतो. अक्षर त्याचेच होते. केवळ एक गोष्ट त्याला खटकली. सही करताना तो आयुष्यभर 'गं. धों. खवणेकर' एवढेच लिहीत आला होता. ते नाव पुरते लिहायला त्याचा हात धजत नसे. येथे 'गंगाराम' हे नाव पुरते, सावकाश, गोल अक्षरांत लिहिले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी धक्क्यावरचा चहावाला बाळा त्याला म्हणाला, "काकानू, आज दोन-दोनदा चाय? काकीक कळला तर माका शिव्यो पडतल्यो."

"माझी पयलीच हा."

"असा कसा? साडेपाचाक तुमीच थंय बसान घेतलास मां? मी गिलास हातात दिलंय. तुमी काय बोलूक नाय. म्हटला, काकांचो काकीवांगडा झगडो झालो वाटता."

बाबली हसला. बाळाला झोपेतून उठल्यावर तासभर काही दिसत नाही, हे सर्व बंदराला ठाऊक होते. परंतु पेटी उघडताना त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिले. सहाची नोंद होती. साडेसहाचीही होती.

पुढल्या आठवड्यात कुडाळच्या दवाखान्यात मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर येणार असल्याचे समजले. ते महिन्यातून एकच दिवस येत. विमलाला एकटीला एसटीने पाठवणे शक्य नव्हते. बाबलीने निकेतला विचारायचे ठरवले, परंतु आदल्या दिवशी निकेत विजयदुर्गला गेला होता आणि त्याचा फोन लागेना. रात्रभर बाबलीने विचार केला. शेवटी सकाळी तो विमलाला घेऊन पहिल्या गाडीने कुडाळला गेला. परत येईपर्यंत अंधार झाला. दिवसभर आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत होता. काम गेले, असे त्याने मनाशी धरूनच टाकले.

दुसऱ्या दिवशी निकेत धक्क्यावर उभा होता. बाबलीने तोंड उघडण्यापूर्वी तोच बोलला.

"काका, काल कमाल केलीत. त्या पावसात एकही नोंद चुकली नाही. मी दुपारी आलो तेव्हा छत्री देऊ केली, तर घेतली नाही. मानेनेच नको म्हणालात."

"काल?" बाबली म्हणाला.

"जरा थकलेले दिसलात मात्र. जपा. ताप नाही ना?"

बाबलीने कमरेची किल्ली चाचपली. ती कुडाळपर्यंत जाऊन आली होती. त्याने पेटी उघडली. वहीत पंचवीस नोंदी होत्या. वही कोरडी होती. पंचवीस वेळा गंगाराम हे नाव पुरते लिहिले होते.

निकेत खाली वाकून वही चाळू लागला. "तुम्हाला एक सांगायचं होतं. पलीकडच्या खडकावर आम्ही एक यंत्र बसवलंय, ते आपोआप पाणी मोजतं. तुमच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहतो. बहुतेक दिवशी दोन-तीन सेंटिमीटरचा फरक येतो. तेवढा चालतो, माणूस आहे. पण ह्या कालच्या आणि ह्या सकाळच्या काही," त्याने पूर्ण सहीच्या ओळींवरून बोट फिरवले, "यांत एका सेंटिमीटरचाही फरक नाही. असं वाचणारा माणूस मी पाहिला नाही. मेपर्यंतचं काम तुमचंच. मी पुण्याला तसं कळवतो आज."

बाबलीने मान हलवली. बोलण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ होते. परंतु मेपर्यंत, हा शब्द त्याच्या कानात राहिला आणि बाकीचे आत गेले.

त्या संध्याकाळी त्याने विमलाला सर्व सांगितले.  सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तेचा पान आजवर कोणी वाढूक नाय."

हे खरे होते. भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ घालतात. गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने केळीच्या पानावर जेवण वाढतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात. धोंडूच्या घरात गंगारामाचे पान कधीच वाढले गेले नाही. बाबलीने लहानपणी आईला एकदा कारण विचारले होते. तिने त्याच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीच्या लाकडी चौकटीवर बापाने चाकूने नाव कोरले होते. आई म्हणाली, "नाव जिता आसा रे. जित्या नावाचा पान वाढूचा नसता." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

"ह्या वर्सा वाढुया," विमला म्हणाली. "बापाशीच्या म्हाळाक आणखी एक पान."

"वाढला आणि तो गेलो तर?"

"जावकच होयो."

"मेपर्यंतचा काम तेच्या जिवार मिळता हा गो. माझ्या नाय."

विमलाने अंधुक डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "मगे काय ठेवन घेतलास तेका? आकडे लिवक? साठ वर्सांपूर्वी गेलेल्या पोराक?"

बाबलीला लाज वाटली. वाढू, असे तो म्हणाला.

म्हाळाच्या दिवशी त्याने कामावरून रजा घेतली नाही. ती घेण्याची गरज नव्हती.

विमलाने पहाटे उठून वडे केले, काळ्या वाटाण्यांचे सांबारे केले, खीर केली. खळ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तीन पाने मांडली. एक धोंडूचे, एक आईचे आणि एक गंगारामाचे. बाबलीने तिन्ही पानांवर पाणी सोडले आणि दोघे मागे सरून उभी राहिली.

कावळे माडावर होतेच. दोन उतरले. धोंडूचे पान शिवले, आईचे पान शिवले. तिसऱ्या पानाकडे एकाने मान वाकडी करून पाहिले, आणि दोघेही परत माडावर जाऊन बसले.

"खुशी सांगा," विमला म्हणाली. कावळा शिवत नसला की गेलेल्याची काही इच्छा उरलेली असते. ती ओळखून तसे वचन द्यावे लागते.

बाबलीने हात जोडले. "आता दर वर्सा तुझा पान वाढतलंय."

कावळा हलला नाही.

"शाळेतल्या पोरांका तुझ्या नावान पाट्यो देतलंय."

काही नाही. ऊन चढले. वड्यांवर मुंग्या आल्या.

"आवशी-बापाशीक क्षमा कर. तेंचो जीव होतो तुझ्यार."

माडावरचे कावळे आता आठ-दहा झाले होते. एकही ओरडत नव्हता. समुद्राचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"कामार असतलो," विमला हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

बारा वाजले. बाबलीला सकाळपासून उपास होता.  आपल्याकडे ह्या माणसाला देण्याजोगे काय आहे, ह्याचा त्याने विचार केला. शाळा त्याच्या नावाची, पण गेलो आपण. नोकरी त्याच्या नावाची, पण केली आपण. शाल त्याच्या नावाची, पांघरली आपण. चाळीस दिवस सोडले तर त्या नावाचा एकही दिवस ज्याचा त्याला मिळाला नव्हता.

बाबलीने जोडलेले हात सोडले.

"फाल्यापासून कामार तूच जा," तो म्हणाला.

शब्द पुरा होण्याच्या आत कावळा पानावर होता.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे पाचाला उठला. आजपासून कामावर भाऊच जाईल, असे वचन दिले खरे. परंतु वचन म्हणजे वचन आणि काम म्हणजे काम, असे त्याने स्वतःला समजावले. आंघोळ करून तो धक्क्याकडे निघाला. फटफटले होते.

निळ्या ताडपत्रीखाली कोणी बसले होते.

बाबली जाळ्यांच्या ढिगामागे थांबला. बसलेल्या माणसाची त्याच्याकडे पाठ होती. मानेवरचे केस पांढरे, कान धोंडूचे. पाठ त्याच्याहून अंमळ अधिक वाकलेली, जणू तीन वर्षे अधिक. अंगात तपकिरी सदरा होता. तो काल संध्याकाळी विमलाने दोरीवर वाळत घातलेला बाबलीचाच सदरा.

बाळाने चहाचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला आणि काहीतरी विनोद केला. त्या माणसाचे खांदे हलले. मग त्याने ग्लास खाली ठेवला, पट्टीकडे पाहिले, आणि वहीवर वाकला.

सहा वाजले होते.

बाबली परत घरी आला.  विमलाने त्याला मागच्या पडवीत पेज वाढली. पुढच्या दारी येणारी-जाणारी माणसे पाहतील, काम सोडून घरी का, असे विचारतील, म्हणून त्याने मागच्या पडवीत बसणे तिलाही योग्य वाटले. मेपर्यंतचाच प्रश्न होता.

दिवस सरळ जाऊ लागले. बाबली पडवीत माडाच्या सुक्या झावळ्यांची चुडते वळी, जुने जाळे उसवी आणि पुन्हा बांधी. विमला सकाळी पुढच्या ओट्यावर जेवणाचा डबा ठेवी. संध्याकाळी डबा धुतलेला, पालथा घातलेला मिळे. बाळा एकदा रस्त्यावरून ओरडून गेला, की साहेब काकांवर भारी खूश आहेत, पुण्याहून पत्र आले. दिवाळीत प्रितमचा फोन बाळाच्या दुकानावर आला. विमला नंतर म्हणाली, "प्रितम म्हणालो, बाबांचो आवाज बरो वाटलो. आता येवक नको म्हणालो मुंबैक. कायमचाच म्हणालो."

"कोण बोललो तेच्याशी?" बाबलीने विचारले.

"तुमीच मां?" ती म्हणाली, आणि मग तिने हातातले सूप खाली ठेवले. "मी चुकलंय. डोळ्यांक दिसत नाय आताशा."

घर राहिले. बाबलीला हवे होते ते एवढेच. बाजूच्या माडांच्या झावळ्यांतून समुद्राचा तुकडा दिसत होता, आणि तो पाहत तो पडवीत बसे.

कार्तिकात एके दिवशी दुपारी विमलाने त्याला जेवायला हाक मारली नाही. त्याने आपण होऊन चुलीवरचे वाढून घेतले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी ओट्यावरचा डबा धरून दोघांपुरतेच अन्न शिजले होते, आणि ती म्हणाली नाही, की घ्या.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, बाबली पडवीत बसला होता. पुढच्या ओट्यावर पावले वाजली.

"इलास?" विमला म्हणाली. "पाय धुवा. पाणी काढून ठेवलंय."

पाणी ओतल्याचा आवाज आला. कोणी खाकरले. पाट मांडला गेला. पुरुषाच्या आवाजात हळू काहीतरी बोलणे झाले, आणि विमला हसली. ती अशी हसलेली बाबलीने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

तो उठला. मागच्या दाराशी गेला. दार उघडेच होते.

विमला हातात दिवा घेऊन आतून दाराशी आली. दोघांमध्ये हातभर अंतर होते. तिने दिवा उंच धरला आणि त्याच्या खांद्यावरून बाहेरच्या काळोखात पाहिले.

"नाय ओ, कोण नाय हंय," तिने आत सांगितले, आणि दार लोटून आतून कडी घातली.

वाचकहो, मला ठाऊक असलेली हकीकत येथे संपते. माझे शिक्षण अल्प आहे. लेखनात दोष राहिले असतील, ते पोटात घालावेत. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे अखेरपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
सीताराम विठू मेतर
मुक्काम सर्जेकोट, तालुका मालवण